माझी साक्ष आणि म्हातारीचं छप्पर

ज्या वर्षी आमच्या धाकट्या मेहुणीने, ‘आता कोण करतंय हिच्याशी’ असं सगळ्या नातेवाइकांचं म्हणून झाल्यावर, एका विधुर कंपाउंडरशी लग्न केलं, त्याच वर्षी मी परदेशी सेवेला गेलो. दोन्ही गोष्टींना घरातून सारखाच विरोध होता. मेहुणीचं मात्र बरं चाललं आहे.

आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या मंडळीत, घरातली मंडळी वेगळी, ती पुढे येईलच) आजवर बाहेरच्या देशांतून सेवेची पथकं यायची. टोप्या घातलेली हसरी माणसं. ती आमच्या शाळेची भिंत रंगवायची, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायची आणि जाताना रडायची. आम्हीही शिष्टाचार म्हणून थोडं रडायचो. त्या भिंतीला रंगाचे इतके हात बसले होते, की खिळा ठोकला तर तो विटेपर्यंत पोचत नसे. एक दिवस पाळकसाहेबांच्या मनाने घेतलं, की आपण आयुष्यभर घेतच राहिलो. आता आपणही परदेशात जाऊन कोणाची तरी भिंत रंगवली पाहिजे.

पथक ठरलं. पुढारी पाळकसाहेबांचे जावई. त्यांना सगळे जावईबापू म्हणत, आणि ते कुठेही गेले तरी सासुरवाडीला आल्यासारखेच वागत. मग इंग्रजीच्या एक प्राध्यापिकाबाई, एक दाताचे डॉक्टर, मी आणि आमची ही. मला का घेतलं, हे मी पाळकसाहेबांना विचारलं. मी जन्मभर ट्रक चालवला, अक्षरओळख चाळिशी उलटल्यावर झाली, परदेशी भाषेचा गंध नाही.

“काका,” ते म्हणाले, “तुमची साक्ष!”

साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून सांगायचं, की आधी मी किती वाईट होतो आणि मग प्रभूने मला कसं सुधारलं. यात एकच अडचण असते. आधी वाईट असावं लागतं.

“साहेब, माझ्याकडे तसं सांगण्यासारखं काही नाही,” मी म्हणालो. “वाचता येत नव्हतं, मग येऊ लागलं. शुभवर्तमान स्वतः वाचलं आणि बरं वाटलं. एवढंच.”

“ट्रक ड्रायव्हर, आणि एवढंच?” पाळकसाहेबांचा चेहरा पडला. “दारू?”

“पोटाला सोसत नाही.”

“बाई वगैरे?”

“एक आहे, तिचाच धाक आहे.”

“आठवून बघा,” साहेब म्हणाले, “घाई नाही.” पापं नाहीत म्हणून एवढा ओशाळलेला माणूस त्या वर्षी मी एकटाच असेन.

पासपोर्टच्या ऑफिसात पहिल्याच खिडकीवर घोडं अडलं. माझ्या जुन्या कागदांवर अंगठा होता आणि नव्या कागदांवर सही. खिडकीतला बाबू म्हणाला, “हा एकच माणूस कशावरून?”

“मधे शिकलो.”

“शिकल्याचा दाखला?”

“बायकोने शिकवलं.”

“मग बायकोचा दाखला आणा.”

बायको मागच्या बाकावरच बसली होती. ती उठून खिडकीशी आली. “मी शिकवलं. काय म्हणणं आहे?” बाबूचं काही म्हणणं उरलं नाही. त्याने मला नमुन्यासाठी सही करायला सांगितलं. मी काना, मात्रा, वेलांटी सांभाळत सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मागच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली. बाबूने चष्मा कपाळावर चढवला. “आजोबा, ही सही नव्हे, हे शुद्धलेखन झालं. सही वाचता येता कामा नये. दर वेळी इतकी सुवाच्य आली तर कोणीही उतरवून घेईल.”

ज्या अक्षरासाठी मी चाळिशीनंतर पोरांच्या पाटीवर गिरवत बसलो, ते वाचता येता कामा नये! आठवडाभर घरी बसून वाईट लिहायचा सराव केला. शिकायला लागली त्याच्या दुप्पट मेहनत विसरायला लागली.

तोवर चाळीत बातमी पसरली होती. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर रोज संध्याकाळी सल्ला द्यायला येऊ लागले. ते स्वतः कुठेही गेले नव्हते. पण त्यांचा भाचा गेला होता आणि परत आला नव्हता, म्हणून त्यांना परदेशातलं सगळं ठाऊक होतं.

“तिकडे कोणी खायला दिलं तर घेऊ नका,” ते म्हणाले. “मात्र नाही म्हटलं तर त्यांना राग येतो.”

“मग घ्यायचं का नाही?”

“ते प्रसंग पाहून.”

समोरच्या काकूंनी विचारलं, “तिथली माणसं गरीब आहेत का हो?” मी म्हटलं, असावीत, त्याशिवाय आपण कशाला जाऊ. त्या म्हणाल्या, “मग येताना एक चांगली चादर आणा. गरीब देशात चादरी चांगल्या मिळतात.”

प्रशिक्षण दर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये व्हायचं. अनाथ मुलांमध्ये सेवा करायची, असं जावईबापूंनी गृहीत धरलं होतं. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण सेवा म्हटली की अनाथ मुलं आलीच, असं त्यांचं मत. म्हणून आम्ही हातवारे करून म्हणायची गाणी बसवली, फुगे पिळून कुत्रा करायला शिकलो आणि बाहुल्यांचं नाटक बसवलं. प्राध्यापिकाबाईंना देवदूत मिळाला. आमच्या हिला मेंढरू. मला गाढव. मी विचारलं, वयाचा काही मान? जावईबापू म्हणाले, “काका, शास्त्रात गाढवाला मोठं स्थान आहे.” त्यांनी स्वतः मात्र राजा घेतला.

दाताच्या डॉक्टरांनी वाटायच्या पुड्या तयार केल्या. प्रत्येकीत एक लहान ब्रश, एक खडूची पेटी, चॉकलेटं आणि उडी मारायची दोरी.

विमानाचं काय सांगू. ट्रकमध्ये निदान पुढचं दिसतं.

पोचलो. एका लांबट बैठ्या इमारतीसमोर गाडी थांबली. दारात पांढऱ्या कपड्यातली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक उंच बाई उभी होती. ती तिथली मेट्रन. तिच्या मागे व्हरांड्यात, भिंतीला टेकून, खुर्च्यांवर ओळीने बसलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या. तो वृद्धाश्रम होता. आसपास कोसभर मूल नव्हतं.

जावईबापूंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग म्हणाले, “कार्यक्रम बदलायचा नाही. सगळी देवाचीच लेकरं.”

मेट्रनला इंग्रजी येत होतं, ते प्राध्यापिकाबाई आम्हाला सांगत होत्या. मेट्रनने पाहुणचार थोडक्यात आटोपला आणि आम्हाला थेट बायकांच्या खोलीत नेलं. खोली स्वच्छ, खाटा ओळीत. कोपऱ्यातल्या खाटेच्या उशाला एक काळी छत्री दोरीने बांधून उघडून ठेवलेली, आणि छत्रीखाली एक बारकी म्हातारी बसून आमच्याकडे बघत होती. वर पत्र्यांना भोकं. मागच्या पावसात या खाटेवर पाणी गळत होतं, ही छातीची दुखणेकरी, खाट हलवायला जागा नाही. नवे पत्रे आणून अंगणात ठेवले आहेत, हत्यारं कोठीत आहेत. माणसं तेवढी नाहीत. सगळी धडधाकट माणसं कामाला शहरात गेलेली. पाऊस तोंडावर आला आहे.

“तुम्ही पाच जण आहात,” मेट्रन म्हणाली. “आम्हाला दुसरं काही नको. एवढं छप्पर करून द्या.”

एवढं स्पष्ट मागणं मी आयुष्यात कमी ऐकलं आहे. मी बाह्या वर करायला लागलो. जावईबापू म्हणाले, “अवश्य! उद्या बघू. आज ओळखीचा कार्यक्रम आहे.”

ओळखीचा कार्यक्रम झाला. ऐंशीच्या घरातल्या माणसांना आम्ही बोटांनी ससा करायला शिकवलं. सांधे धरलेल्या बोटांचा ससा होत नाही. होतं ते जनावर कोणत्याही रानात सापडणार नाही. फुग्याचा कुत्रा एका आजोबांच्या हातात फुटला आणि त्यांना पाणी पाजावं लागलं. दाताच्या डॉक्टरांनी मोठ्या प्रेमाने ब्रश वाटले. खोलीत मोजून चार दात निघाले असते. म्हाताऱ्या माणसांनी ब्रश हातात घेऊन उलटसुलट पाहिले, नम्रपणे मान डोलावली. त्यांना अशा पथकांची सवय असावी. चॉकलेटं मेट्रनने साखरेच्या दुखण्यापायी गोळा करून परत दिली. ती आमच्या पथकानेच संपवली. दोऱ्यांचा उपयोग मात्र झाला. दुसऱ्या दिवशी त्यांवर कपडे वाळत होते.

मग माझी साक्ष. मी मराठीत बोलायचं, जावईबापूंनी इंग्रजीत, आणि तिथल्या ऑफिसातल्या कारकुनाने त्यांच्या भाषेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी ट्रक चालवत होतो. मला वाचता येत नव्हतं.” जावईबापू बराच वेळ बोलले. कारकून त्याहून बराच वेळ बोलला. समोरच्या म्हाताऱ्यांनी ‘चक् चक्’ केलं. मला वाटलं, किती मायाळू माणसं, माणसाला वाचता येत नाही याचं एवढं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात जाऊन पत्रे पाहून आलो. जावईबापू म्हणाले, “काका, छपराचं काम म्हणजे लौकिक काम. आपण नाती जोडायला आलोय.” नाती जोडण्यासाठी आम्ही व्हरांड्याची भिंत रंगवली. तिच्यावर इंद्रधनुष्य, मेंढरं आणि गुटगुटीत बाळं काढली. एक आजोबा दिवसभर खुर्ची फिरवून, चित्रांकडे पाठ करून बसले. मग दुसरी साक्ष. मी तेच बोललो. या वेळी एका बाईने उशीखालची थैली काढून पोटाशी धरली.

तिसऱ्या दिवशी आधी तिसरी साक्ष, मग नाटक. मी गाढव घेऊन पडद्यामागून वर आलो, तर पुढच्या ओळीतली एक म्हातारी किंचाळली. गाढव घाबरण्यासारखं नव्हतं. दाताच्या डॉक्टरांच्या आईने शिवलं होतं, चांगलं गोंडस होतं. नंतर मी मेट्रनकडे गेलो आणि खुणेने कोठीची किल्ली मागितली. हातोडीची खूण केली, वर बोट दाखवलं. तिने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला आणि दोन पावलं मागे सरली. बायकांच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं तर सफाईवाली आडवी उभी राहिली.

आता मी कितीही जाड कातडीचा असलो तरी एवढं कळतं. मी प्राध्यापिकाबाईंना म्हटलं, “बाई, हे काय चाललंय? मी काय यांचं खाल्लंय?”

बाई खाली बघायला लागल्या. “काका, राग मानू नका. जावईबापू म्हणाले, तुम्ही ट्रक लुटायचात.”

“मी? ट्रक चालवायचो!”

“पहिल्या दिवशी लुटायचात. काल त्यात खून आला. आणि दारू. आज…” बाई थांबल्या.

“आज काय?” हा आवाज आमच्या हिचा. ती मागेच उभी होती.

“आज… गावोगाव संसार होते म्हणाले.”

जो गहजब झाला तो मी इथे लिहीत नाही. जावईबापूंना ही म्हणाली, “गावोगाव संसार? अहो, या माणसाला एका घरातल्या डब्यात साखर कुठे आहे ते ठाऊक नाही!” माझा बचाव म्हणून हे ठीकच, पण मान वाढला असं वाटलं नाही.

जावईबापूंना पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. “काकू, नुसतं ‘वाचता येत नव्हतं’ याने कोणाचं अंतःकरण हलतं का? परतल्यावर अहवाल द्यायचाय. थोडं रंगवावं लागतं.” भिंत काय, माणूस काय, त्यांना रंगवायला काहीही चालायचं.

“मग आता मेट्रनला खरं सांगा,” मी म्हणालो.

“आता? साक्षीची विश्वासार्हता जाईल.”

“आणि छप्पर?”

“त्याचं असं आहे,” जावईबापू म्हणाले, “शिडीवर चढलेल्या माणसाचा विमा नाही.”

त्या संध्याकाळी मी व्हरांड्याच्या टोकाला बसलो होतो. कोणी जवळ येत नव्हतं. तेवढ्यात छत्रीवाली म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. म्हातारी म्हणतो खरा, पण असेल माझ्याच वयाची. ती मला न्याहाळत राहिली. मग प्राध्यापिकाबाईंना आणि कारकुनाला काठीने जवळ बोलावलं आणि काहीतरी विचारलं.

“विचारतायत, किती माणसं मारली?”

“सांगा, एकही नाही. एकदा एक बकरी गाडीखाली आली, तिचेही पैसे मालकाला भरून दिले.”

हे तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती हसली; हसता हसता खोकली, बराच वेळ खोकली. डोळे पुसून म्हणाली, “वाईट झालं. मला वाटलं होतं डाकू आहे, तर चला, छपरावर चढता येत असेल. ज्याला पत्रे काढता येतात त्याला बसवताही येतील. इथे इतकी भली माणसं येऊन जातात, एकालाही चढता येत नाही.”

मी म्हणालो, “सांगा त्यांना, डाकू नसलो तरी चढतो.”

ती म्हणाली, “मग मी मेट्रनला सांगते तू डाकूच आहेस आणि मी तुला घाबरत नाही.” असं म्हणून तिने माझ्या हातावर काठी मारली, हळूच, शेजारणीने मारावी तशी.

तिने मेट्रनला काय सांगितलं देव जाणे. निघायच्या दिवशी सकाळी कोठीचं दार उघडं होतं. प्राध्यापिकाबाई मेट्रनशी बोलल्या, सगळं खरं सांगितलं. मेट्रनने ऐकून घेतलं आणि एकच वाक्य म्हणाली, “म्हणजे इतके दिवस हा माणूस नुसता बसून होता?”

शिडी डॉक्टरांनी धरली. दात सोडून दुसरं काही धरायची त्यांना सवय नव्हती. शिडी आणि डॉक्टर दोघंही सारखेच हलत होते. आमची ही खालून ओरडत होती, “अहो, कडेला नको! मधे नको! कुठेच नको!” मी वर पोचलो. पत्रे गंजून वाळल्या पानासारखे झाले होते. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पत्र्याचे खिळे मी उपसायला लागलो. एक निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला डोकंच नव्हतं. खाली खोलीतून काठीची टकटक ऐकू आली. छत्रीवाली खालून मला जागा दाखवत होती.

तेवढ्यात जावईबापू अंगणात आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “काका, हातोडी जरा उंच धरा. इकडे बघा. हसा.” फोटो काढला. मग म्हणाले, “आता उतरा, गाडी आली.”

“पत्रा अर्धा सुटलाय!”

“विमान आपल्यासाठी थांबायचं नाही.”

“मग तुम्ही जा. मी मागून येतो.”

“तिकीट सामूहिक आहे, काका.”

मी उतरलो नाही. ते गाडीवाल्याला घेऊन आले. ही खालून म्हणाली, “नवा पत्रा मी वर देते, तुम्ही घ्या.” तिने आणि प्राध्यापिकाबाईंनी एक पत्रा उचललाही; पण डॉक्टरांनी मदत करायला म्हणून शिडी सोडली, आणि शिडी आडवी झाली ती थेट ताज्या इंद्रधनुष्यावर. मला खाली घ्यायला खुर्च्यांवर टेबल आणि टेबलावर खुर्ची ठेवावी लागली. सुटलेल्या पत्र्यावर मी दगड ठेवले, हाताला आले तेवढे. मेट्रन निरोपाला दारात उभी होती. बाकीच्या पथकाने शिरस्त्याप्रमाणे रडून घेतलं.

परतल्यावरच्या रविवारी उपासना संपताच पडद्यावर फोटो दाखवले. फुगे, ब्रश, भिंत. सगळ्यात शेवटी मी: छपरावर, हातात हातोडी, हसरा. खाली मोठी अक्षरं होती, आणि ती मला वाचता येत होती: ‘निराधारांना छप्पर’. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचे ओव्हरसियर खास बोलावून घेतले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

मी उठून उभा राहिलो. “छप्पर झालेलं नाही,” मी म्हणालो.

“काका नम्र आहेत,” पाळकसाहेब म्हणाले.

“नम्र नाही. झालेलं नाही. दगड ठेवून आलोय.”

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले, आणि पेटीवाल्याने गाणं सुरू केलं.

आम्ही दोघं नंतर त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, तिथल्या तिथे दोन माणसं लावा, मजुरी आम्ही देतो, फक्त फोन करा. पाळकसाहेब म्हणाले, विषय चांगला आहे, कमिटीपुढे ठेवू. कमिटीत जावईबापू होते. त्यांनी सांगितलं, छपराचं काम अहवालात पूर्ण दाखवलंय, पुन्हा त्यासाठी मागणं बरं दिसणार नाही. पुढच्या वर्षीच्या पथकाला रंगकाम ठेवावं. ठराव एकमताने पास झाला. मग आमच्या हिने प्राध्यापिकाबाईंच्या घरून स्वतः फोन लावायला लावला. तोवर तिकडे पाऊस केव्हाच सुरू झाला होता.

मेट्रनने नंतर कळवलं: पत्रे आमच्या मजुरीवर शहरातून बोलावलेल्या दोन माणसांनी येऊन एका सकाळीत बसवले. छत्रीवाली त्याच्या आठ दिवस आधी, त्याच पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात, न्यूमोनियाने वारली.